नरसाळं, रबरी नळी आणि जावईबापू

बाळ जन्माला यायच्या आधीच त्याच्या काळजाचे ठोके बाहेरच्या माणसाला ऐकू येतात, ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. म्हणजे मला नाही सांगितली. सासूबाई जावयाशी बोलत नसत. त्या दाराकडं तोंड करून दाराला सांगत आणि आपण ते ऐकून घ्यायचं, अशी पद्धत होती. त्या दिवशी त्यांनी दाराला सांगितलं, की गावात सरकारनं नवीन नर्स नेमलीय, सायराबी तिचं नाव. ती दर आठवड्याला येते, पोटावर लाकडाची एक टीचभर तुतारी टेकवते, तुतारीला कान लावते आणि आत बाळाचं काळीज वाजतंय ते ऐकते. एवढ्यावर थांबल्या असत्या तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण त्यांनी दाराला असंही सांगितलं, की नर्सबाईनं मला ऐकवलं, थोरल्या सुनेला ऐकवलं, शेजारच्या विठाबाईला ऐकवलं, आणि विठाबाईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून तिला दोनदा ऐकवलं.

मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. माझ्या बाळाचं काळीज सासूबाईंनी ऐकलं, मेहुण्याच्या बायकोनं ऐकलं, एका कानानं बहिऱ्या विठाबाईनं तर दोनदा ऐकलं. आणि बाप म्हणून ज्याचं नाव लागणार तो महारुद्र, उस्मानाबादच्या कचेरीतला कायम कारकून, ओट्यावर बसून चहा पीत होता. मला त्या चहाचा राग आला.

आता तुम्ही म्हणाल, मग आत जाऊन ऐकायचं. असं म्हणणाऱ्याला सासुरवाडी नसावी. अणदूरला आमच्या सासऱ्यांच्या, हणमंतप्पांच्या घरी जावयाला मान फार. मान म्हणजे काय, तर त्याला ओट्यावर सतरंजी टाकून बसवायचं, पुढ्यात भरलेला तांब्या ठेवायचा, धपाटे आणि दही संपेल तसं वाढत राहायचं आणि उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचं नाही. शिवगंगा सातव्या महिन्यापासून तिथं होती. ती मला दिसायची ती जेवणानंतर माझ्या हातावर पाणी घालायला आली तर, आणि तेव्हाही मागं कुणीतरी उभं असायचंच. अशा घरात मी बायकोच्या पोटाला कान लावतो म्हटलं असतं तर हणमंतप्पा मला काही बोलले नसते. ते नुसते काठी घेऊन मळ्यात गेले असते आणि मी अणदुरात असेपर्यंत परत आले नसते.

पण मला ऐकायचं होतं. का ऐकायचं होतं तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं हसायला तुम्ही मोकळे. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला शिवगंगा याच घरी होती, याच खोलीत. मी उस्मानाबादला फायलींना दोरे बांधत होतो. एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला तेव्हा मी पेढ्यांच्या दुकानाकडं वळलोसुद्धा होतो, आणि मग त्यानं पुरता निरोप सांगितला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलगा होता म्हणाले. तो रडलाच नाही म्हणाले. मी त्याला बघितलं नाही, त्याला हात लावला नाही, त्याचा आवाज ऐकला नाही. तो होता, याला दुसऱ्यांच्या सांगण्यापलीकडं माझ्याकडं काहीच नव्हतं. हणमंतप्पा आणि मी ओट्यावर बसून राहिलो, त्यांनी मला उस्मानाबादच्या पाऊसपाण्याचं विचारलं आणि मी सांगितलं. तेव्हापासून जी हुरहूर मनात येऊन बसली ती उठायला तयार नव्हती. या वेळी पुढं काहीही होवो, पण एकदा, एकदाच मला ते ऐकायचं होतं.

पहिला प्रयत्न सरळ मार्गानं केला. सायराबी नर्सला रस्त्यात गाठलं. बाई निजामाच्या अमलात शिकलेली, आता महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत, आणि दोन्ही सरकारांना पुरून उरलेली. छत्री मिटून तिनं माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की तुतारी सरकारी माल आहे, डॉक्टरसाहेबांच्या सहीशिवाय दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, आणि डॉक्टरसाहेब कॅम्पवर आहेत. राहता राहिलं मला सोबत आत न्यायचं, तर तिची काही हरकत नव्हती, मी फक्त गजराबाईंची परवानगी आणायची. गजराबाई म्हणजे सासूबाई. मी दाराची परवानगी एक वेळ आणली असती. बाईंनाही ते ठाऊक होतं, कारण त्या हसल्या. मी निदान एवढं विचारलं, की ते ऐकू कसं येतं. तेव्हा मात्र त्या जरा मऊ झाल्या. घरी जाऊन उशीखाली घड्याळ ठेवा आणि वर कान ठेवून पडा, म्हणाल्या, साधारण तसं.

उस्मानाबादला परत येऊन मी तेच केलं. रोज कचेरीतून आलो की मनगटी घड्याळ उशीखाली सरकवायचं आणि कान टेकून डोळे मिटून पडायचं. आमच्या घरमालकीण कमलबाई यांना दुसऱ्यांच्या खिडक्यांतून बघायची सवय होती. त्यांनी मला त्या अवस्थेत पाहिलं आणि आळीत सांगितलं, की बायकोवाचून बिचारा उशीत तोंड खुपसून पडलेला असतो. त्या दिवसापासून मला चार घरांतून भाजी येऊ लागली. मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. एक तर भाजी चांगली असायची, आणि दुसरं म्हणजे त्यांचं अगदीच खोटंही नव्हतं.

कचेरीत मी कुणाला बोललो नसतो, पण रजेला कारण लागतं. हेडक्लार्क आण्णासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, की बाळंतपण अजून दीड-दोन महिने लांब असताना जावयाचं तिथं काय काम. मी खरं ते सांगितलं. आण्णासाहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, त्यात ठोके ऐकण्यासाठी रजा नव्हती. आजारपणाची होती, देवदर्शनाची चालवून घेतली जायची. त्यांनी माझ्या अर्जावर अणदूरच्या खंडोबाचं दर्शन असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि मला अंगाऱ्याची पुडी आणायला सांगितलं. पण तोवर शेजारच्या टेबलावरच्या बलभीमनं सगळं ऐकलं होतं. बलभीमला जगातली प्रत्येक गोष्ट ठाऊक होती, फक्त त्याच्या टेबलावरची फाईल कुठं आहे ते सोडून.

बलभीम म्हणाला, आत जायचंच कशाला? आवाज बाहेर आणायचा. नरसाळं घ्यायचं, त्याला रबरी नळी जोडायची, नरसाळं वहिनींनी आत पोटावर धरायचं आणि नळीचं दुसरं टोक भिंतीबाहेर तुझ्या कानात. जावई उंबऱ्याबाहेरचा उंबऱ्याबाहेर, कुणाच्या मानाला धक्का नाही. दुसऱ्या कानात कापूस घालायला विसरू नको, असंही त्यानं बजावलं, कारण जगाचा गलका आड येतो. मला ती योजना इतकी पटली की मी त्याला चहा पाजला. नरसाळं घरातलं रॉकेल ओतायचंच होतं. नळी बलभीमनं एका कंपाउंडरकडून आणून दिली. ती आधी कशासाठी वापरात होती ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

तुळजापूरला गाडी बदलायची होती. तिथं स्टँडवर एका पोलिसाचं लक्ष माझ्या पिशवीतून बाहेर लोंबणाऱ्या नळीकडं गेलं. दारूबंदीचे दिवस. नरसाळं आणि रबरी नळी घेऊन खेड्याकडं निघालेला माणूस हातभट्टीवाल्याखेरीज दुसरा कोण असणार? त्यानं मला बाजूला घेतलं. मी कचेरीतला माणूस आहे असं सांगितल्यावर त्याचा संशय पक्काच झाला. शेवटी नाइलाजानं खरं कारण सांगितलं, तर भोवती जमलेल्या मंडळींनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. एका म्हातारबाबांनी मान हलवून कलियुगावर दोन शब्द सांगितले. पोलिसानं नरसाळ्याला नाक लावलं, रॉकेलचा वास घेतला, मग नळी आपल्या कानात घातली आणि नरसाळं माझ्या छातीवर दाबून बराच वेळ ऐकलं. काय ऐकलं कुणास ठाऊक. पण मला जा म्हणाला, आणि गाडी सुटताना खिडकीपाशी येऊन हळूच विचारलं, की ही नळी कुठं मिळते. त्याची बायकोही माहेरी होती.

अणदूरला त्या दिवशी जेवण झाल्यावर शिवगंगा हातावर पाणी घालायला आली. मागं आज कोणी नव्हतं, थोरली सून दूध उतू गेलं म्हणून आत पळाली होती. महिन्याभरात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकटे होतो, आणि मध्ये फक्त एक तांब्या. बोलायचं किती साठलं होतं. ती थकलेली दिसत होती, तिचे पाय सुजले होते, रात्री झोप लागते का ते मला विचारायचं होतं. त्याऐवजी मी नरसाळ्याबद्दल बोललो. मला वाटलं ती हसेल. ती हसलीही, पण मग म्हणाली, "मलाबी न्हाय ऐकू आलं अजून."

"तुला? तुझ्याच तर पोटात आहे."

"माझा कान कुठं पोचतोय तिथवर? समद्यांनी ऐकलं. मी नुसती त्यांची तोंडं बघत पडते." तिनं आत एकदा बघून घेतलं. "आधी तुम्ही ऐका. मग नळी मला द्या आत."

ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. सगळी गल्ली ऐकून गेली होती आणि राहिलो होतो ते आम्ही दोघंच.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर हणमंतप्पा मळ्यात गेले. सासूबाई अंगणात डाळ वाळत घालू लागल्या. शिवगंगा जरा पडते म्हणून खोलीत गेली, पंच्यात गुंडाळलेलं सामान मी तिच्याकडं आधीच पोचवलं होतं. मी जरा पाय मोकळे करून येतो असं दाराला सांगितलं, एव्हाना मलाही सवय लागली होती, आणि घराला वळसा घालून मागच्या बोळात शिरलो. खोलीला त्या बाजूनं एक झरोका होता. त्यातून नळीचं टोक बाहेर आलेलं होतं. बोळ इतका अरुंद, की झरोक्याखाली उकिडवं बसलो तर पाठ आणि डोकं समोरच्या भिंतीला टेकलं. ती भिंत कुणाची, हे मी विचारलं नव्हतं. नळी उजव्या कानात घातली, डाव्या कानात कापूस कोंबला, डोळे मिटले.

आधी काहीच नाही. मग गुडगुड झाली, ते सकाळचे धपाटे असावेत. मग पुन्हा काही नाही. मी नळी फुंकून पाहिली, आतून शिवगंगा गुदगुल्या होतात म्हणाली. आणि मग, मी आशा सोडणार तेवढ्यात, ते सुरू झालं. ठक ठक ठक ठक. आधी अडखळत आणि मग एका लयीत, घाईघाईनं, जसं सायराबीनं सांगितलं होतं अगदी तसं. ते नुसतं कानात नव्हतं, माझ्या कवटीत वाजत होतं, पाठीच्या कण्यातून खाली उतरत होतं. मला वाटलं, बापाला असंच ऐकू येत असणार.

"येतंय," मी झरोक्यात तोंड घालून म्हणालो. "ऐकू येतंय ग."

"कसं येतंय?"

"घाईत आहे फार. आणि दणकट आहे. काही काळजी करू नको, चांगलं दणकट आहे."

आत ती हसतेय की रडतेय ते कळेना. मी रडत होतो ते मला कळत होतं. थोड्या वेळानं तिनं नळी मागितली. मी म्हणालो थांब, जरा थांब, अजून थोडं ऐकू दे. तिनं पुन्हा मागितली. मी पुन्हा थांब म्हणालो. आणि मी थांब म्हणत असतानाच ठोके अडखळले, दोनदा रखडल्यासारखे वाजले आणि बंद पडले.

मी कान दाबून धरला. काही नाही. नळी झटकली. काही नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी बोळातून धावलो, कानात नळी तशीच होती, तिच्यामागं झरोक्यातून सुटलेलं नरसाळं दगडांवर खणखणत येत होतं. अंगणातल्या डाळीवरून मी गेलो. उंबरा ओलांडला. ठोके थांबले, नर्सला बोलवा, असं मी ओरडत होतो. गजराबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दाराला सोडून माझ्याकडं पाहिलं आणि कसले ठोके म्हणून विचारलं. शिवगंगा खोलीच्या दारात उभी होती, दोन्ही हात पोटावर.

सायराबीला कुणी आणलं ते आठवत नाही. ती आली, आत गेली, दार लागलं. सगळी गल्ली अंगणात जमली होती. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बाळ उत्तम आहे, ठोके खणखणीत आहेत, काही थांबलेलं नाही, हे कुणी सांगितलं? आणि नेमकं त्याच वेळी ते पुन्हा सुरू झालं. ठक ठक ठक ठक.

"हेच," मी म्हणालो. "हेच ते."

सगळ्यांनी बोळाकडं पाहिलं. बोळापलीकडं गफारभाईंची पिठाची गिरणी होती. डिझेलचं इंजिन, अणदूरकरांच्या कानांना इतकं सवयीचं की त्यांना ते ऐकूच यायचं नाही. शिवगंगेला तर नाहीच. मी डोकं टेकून बसलो होतो ती भिंत इंजिनाच्या खोलीची होती. पहिल्यांदा हसली ती विठाबाई, एका कानानं बहिरी. मग कुणी थांबलं नाही. थोड्या वेळानं गफारभाईंकडून निरोपही आला, की जावईबापूंना सांगा, पोरगं सुखरूप आहे, नुसता पट्टा निसटला होता.

शिवगंगा हसली नाही. दुपारी जेवणानंतर ती पाणी घालायला आली तेव्हा मागं थोरली सून उभी होती, तरी ती बोलली. "म्हणजे तुम्हाला आलंच नव्हतं," एवढंच. नाही आलं, म्हणालो. हात कधीच धुऊन झाले होते, ती पाणी घालत राहिली. दणकट आहे असं मी तिला सांगितलं होतं आणि तिनं ते खरं मानलं होतं, त्या बोळात पाच-दहा मिनिटं ती सुखात होती. लोक हसले त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही, मानी माणूस आहे मी. पण त्या पाण्यानं जे वाटलं ते वेगळं होतं.

बातमी माझ्याआधी उस्मानाबादला पोचली, एस.टी.चे कंडक्टर या कामात तार खात्याच्या पुढं. आण्णासाहेबांनी अंगारा मागितला नाही, दळण झालं का म्हणून विचारलं. बलभीमनं सगळा दोष कापसावर टाकला.

नवव्या महिन्यात मी आठवडा संपला की अणदूर गाठायचो आणि ओट्यावर बसायचो. गावातून जाताना पोरंसोरं ठक ठक करायची. अशाच एका रविवारी सकाळी शिवगंगेला कळा सुरू झाल्या. सायराबी आली आणि दार लागलं. ओट्यावर हणमंतप्पा आणि मी, गेल्या खेपेसारखे. फरक एवढाच, की या वेळी मी वेळेवर होतो, आणि वेळेवर असून करण्यासारखं काही नव्हतं.

प्रत्येक कळ ओसरली की बाई ठोके ऐकत होत्या, ते त्यांच्या गप्प बसा म्हणण्यावरून बाहेर कळायचं. उन्हं चढली. मग दार उघडलं आणि बाई स्वतः ओट्यावर आल्या. त्यांचा नेहमीचा ताठा चेहऱ्यावर नव्हता. त्या म्हणाल्या, बाळ खाली सरकलंय, आवाज बारीक झालाय, आणि या गिरणीपुढं काही ऐकू येत न्हाय. हाय का न्हाय तेच कळंना झालंय. गिरणी बंद करायला सांगा.

हणमंतप्पा उठले. मी म्हणालो, मी जातो.

रविवार, त्यात खंडोबाचा वार, वाड्यावस्त्यांवरून डोक्यावर डबे घेऊन आलेल्या बायांची गिरणीपुढं रांग लागली होती. मला बघताच रांगेत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, आला बघा बाप. गफारभाई भुवयांपर्यंत पीठ माखून चक्कीपाशी उभे होते. मी ओरडून सांगितलं, इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं. नर्सला ठोके सापडत नाहीत. ते इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा सुरू करायला दोन माणसांना घाम फुटायचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गफारभाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आत गेले आणि इंजिन बंद केलं. बाहेर येऊन रांगेला म्हणाले, "कोणी बोलू नका आता. हणमंतप्पांच्या लेकीचं बाळ ऐकायचंय."

रांगेतलं कुणी हसलं नाही. एक बाई डबा खाली ठेवत होती, तिनं तो तसाच हातात धरून ठेवला.

मी परत आलो तेव्हा गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या. आतून सायराबीचा आवाज आला, हाय, चांगलं हाय, वेग बी बराबर हाय. सासूबाईंनी हात जोडले. आणि मग शिवगंगेचा आवाज आला, मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"गेल्या वेळीबी तुम्ही समदे असंच म्हणत व्हता," ती म्हणाली. "शेवटपतुर चांगलं हाय, चांगलं हाय म्हणत व्हता."

खरंच होतं ते. त्या वेळी नर्स नव्हती, तुतारी नव्हती, पण बाळ हालायचं थांबलंय हे बायकांना आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि पोरीनं धीर सोडू नये म्हणून त्यांनी तिला खोटं सांगितलं होतं. मायेनंच सांगितलं होतं. आता सायराबी तिला जोर लाव म्हणत होती, रागावत होती, विनवत होती, आणि शिवगंगा दात आवळून पडली होती. कशासाठी लावू म्हणत होती. मग ती म्हणाली, "त्यांना बोलवा. त्यांनी ऐकून सांगितलं तर खरं."

एवढ्या बायकांमध्ये कुणाच्या मनात गिरणी आली नसेल असं नाही. पण कुणी बोललं नाही. दार उघडलं. गजराबाई दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले, आणि त्या दाराशी बोलल्या नाहीत. "महारुद्रराव, आत या," म्हणाल्या. हणमंतप्पांनी काठी उचलली. मला वाटलं, आता हे मळ्यात निघाले. त्यांनी काठी दुसऱ्या बाजूला ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून बसून राहिले.

खोलीत अंधार होता आणि ओव्याचा वास होता. शिवगंगेचे केस कपाळाला चिकटले होते. बाईंनी तुतारी पोटावर टेकवली, माझं डोकं धरून कान तिच्यावर लावला आणि तुतारीवरचा हात काढा म्हणाल्या. मला लगेच ऐकू आलं. धडधड, धडधड, चांगलं मोठ्यानं. आहे असं म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात बाईंची बोटं माझ्या मनगटावर आली. त्यांनी क्षणभर माझी नाडी पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "हे तुमचं हाय."

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. सासूबाईंचे डोळे मला सांगत होते, की म्हणा आहे म्हणून, काय जातंय. आणि सायराबी काही खोटं बोलणारी नव्हती, बाळ होतंच. मी तसं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मला माझंच ऐकू येतंय," मी शिवगंगेला सांगितलं.

कुणीतरी सुस्कारा टाकला. शिवगंगा माझ्याकडं बघत राहिली. "मग थांबा," ती म्हणाली. "तुमचं जरा हळू होऊ द्या." आणि तेवढ्यात कळ आली, तिनं माझा हात धरला आणि मला वाटलं आता बोटं मोडतात. मी तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसलो होतो, सासूबाईंसमोर, थोरल्या सुनेसमोर, विठाबाईसमोर, आणि मला कसलीच लाज वाटत नव्हती. कळ ओसरली. बाईंनी तुतारी पुन्हा टेकवली, जरा खाली, जरा डावीकडं. मी श्वास धरून कान लावला. आधी माझंच. ते जाईना. मग त्याच्या खाली, फार खाली, काहीतरी दुसरं होतं. बारीक. माझ्यापेक्षा कितीतरी घाईत. मी मुद्दाम थांबलो, ते जातंय का बघायला. ते गेलं नाही. उशीखालच्या घड्याळासारखं ते अजिबात नव्हतं, आणि गिरणीसारखं तर मुळीच नव्हतं.

"आहे," मी म्हणालो.

"नीट ऐकलं?"

"नीट ऐकलं. माझं वेगळं, त्याचं वेगळं. आहे."

तिनं डोळे मिटले. माझा हात सोडला. "मग आता बाहेर जा," म्हणाली. "मला काम हाय."

मुलगी झाली. तिचं रडणं ओट्यावर ऐकू आलं, गल्लीत ऐकू आलं, गिरणीपुढच्या रांगेतसुद्धा ऐकू गेलं, कारण तिकडून बायांचा एकदम गलका उठला. सासूबाई आत-बाहेर करत होत्या, प्रत्येक वेळी मला काहीतरी सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी मलाच सांगत होत्या. मी ओट्यावर परत माझ्या जागी बसलो होतो. मी आनंदात होतो. आणि तरी तो बारीक, घाईतला आवाज माझ्या कानातून जात नव्हता, आणि राहून राहून मनात एकच यायचं, की त्याचाही असाच असणार. तोही असाच घाईत असणार कुठंतरी, आणि मी उस्मानाबादला फायलींना दोरे बांधत होतो.

हणमंतप्पा अजून भिंतीकडं तोंड करूनच होते. बऱ्याच वेळानं ते वळले. त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"महारुद्रा," ते म्हणाले, "त्या पहिल्याचंबी कुणीतरी ऐकाया पायजे व्हतं."

मी व्हय म्हणालो. मग आत पोरगी रडत होती ते आम्ही दोघंही ऐकत बसलो.